नळी, तुतारी आणि कूस

मुलुंडमध्ये ‘ब्लॉक’ या शब्दाचे तीन पत्ते आहेत. पहिला जुना. गिरगाव-दादरच्या चाळींतून बाहेर पडलेली मंडळी ‘मुलुंडला ओनरशिपचा ब्लॉक घेतला’ असं अभिमानाने सांगायची आणि ऐकणारा ‘एवढ्या लांब?’ म्हणून भुवया उंचवायचा. दुसरा रविवारचा. ‘माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक’ ही शनिवारच्या पेपरातली चौकट आता इतकी सवयीची झाली आहे, की ती नसेल तर रेल्वेच विसरली की काय अशी शंका येते. तिसरा चारचौघांत उच्चारला जात नाही. पाच रस्त्याच्या आसपासच्या एखाद्या तपासणी केंद्रातून मोठा लिफाफा घेऊन बाहेर पडलेली बाई रिक्षात बसते आणि बहिणीला फोनवर आवाज खाली आणून सांगते, “दोन्ही ट्यूब ब्लॉक आहेत म्हणे.”

इंग्रजीत ‘ब्लॉक’ म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका. वाटेत आडवा पडला की अडसर, एकावर एक रचले की इमारत. तेव्हा घर घेणं आणि वाट अडणं हे दोन्ही अर्थ एकाच ओंडक्यातून निघाले. पण रिक्षातल्या त्या वाक्यात माझं लक्ष ओंडक्यापेक्षा ‘ट्यूब’कडे जातं. या एवढ्याशा अवयवाला माणसांनी जितकी नावं दिली, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला दिली असतील, आणि त्यातली निम्मी चुकून पडली आहेत.

मराठीत शाळेच्या पुस्तकात ती ‘अंडनलिका’ असते, जुन्या ग्रंथांत ‘बीजवाहिनी’ किंवा ‘डिंबवाहिनी’, दवाखान्याच्या माहितीपत्रकात ‘गर्भनलिका’ आणि घराघरांत नुसती ‘नळी’. यातली ‘गर्भनलिका’ मला खटकते. फलित झालेलं बीज तीन-चार दिवस या नळीतून प्रवास करतं हे खरं, पण मुक्काम करत नाही. गर्भ नळीतच रुजला तर बाईच्या जिवावर बेततं. जिथे गर्भ राहताच कामा नये, त्या जागेला गर्भाचं नाव द्यायचं म्हणजे कमाल आहे. ‘बीजवाहिनी’ हा नेमका शब्द हाताशी असताना तो मागे पडला. बोलण्यात टिकली ती ‘नळी’, आणि तिचं कूळ फार थोर आहे.

संस्कृतात ‘नड’ किंवा ‘नल’ म्हणजे पाणथळीत उगवणारं, आतून पोकळ असलेलं उंच गवत. ‘ड’ आणि ‘ळ’ हे एकमेकांच्या घरी नेहमी येजा करणारे वर्ण. त्यामुळे या एका काडीपासून नळ आला, नळी आली, मनगटाची नाडी आली, कमळाच्या देठाची आणि बाळाच्या बेंबीची ‘नाळ’ आली, गल्लीतली नाली, पावसाळ्यात तुंबणारा नाला आणि सरकारी भाषेतली भारदस्त ‘प्रणाली’सुद्धा आली. मूल पोटात येण्याची सुरुवात नळीत होते आणि नाळ कापली की ते स्वतंत्र होतं. नऊ महिन्यांच्या दोन टोकांचे हे दोन शब्द सख्खी भावंडं आहेत, हे बोलताना आपल्या ध्यानीही नसतं.

मुलुंडच्या कुठल्याही प्रतीक्षागृहात मराठी, गुजराती आणि तमिळ बायका शेजारी-शेजारी बसलेल्या असतात. गुजरातीतही नळीच म्हणतात, अगदी ‘ळ’सकट. तमिळ बाई ‘कुळाय्’ म्हणेल. त्याचा जवळचा नातलग ‘कुळल्’, म्हणजे बासरी. आम्ही गवताच्या काडीवरून नाव ठेवलं, त्यांच्या नळीचं नातं वाद्याशी. वाद्याचं नाव ठेवणारे ते एकटे नाहीत, आणि इथेच एका इटालियन डॉक्टरला बोलवावं लागतं.

गाब्रिएले फालोपियो हा मोदेना गावचा. पादुआच्या विद्यापीठात शारीरशास्त्र शिकवायचा. १५६१ साली व्हेनिसमध्ये त्याचं निरीक्षणांचं पुस्तक छापलं गेलं आणि पुढच्याच वर्षी तो चाळिशीच्या आत वारला. गर्भाशयाच्या दोन्ही कोपऱ्यांतून निघणाऱ्या या अवयवाचं त्याने बारकाईने वर्णन केलं. कोपऱ्याशी अगदी निमुळता, पुढे रुंदावत जाणारा, शेवटी फाकलेल्या तोंडाचा आणि त्या तोंडाला झालर. त्याला ते रोमन सैन्यात वाजवल्या जाणाऱ्या सरळ रणवाद्यासारखं दिसलं. त्या वाद्याचं लॅटिन नाव ‘टुबा’. म्हणजे त्याने गर्भाशयाला दोन तुताऱ्या दिल्या होत्या. पुढे इंग्रजीत ‘टुबा’ची ‘ट्यूब’ झाली. लॅटिनमध्ये नळीला ‘टुबुस’ असा वेगळा शब्द आहे. दोन्ही दिसायला सारखे, त्यामुळे कुणाच्या लक्षात न येता तुतारीची नळी झाली, आणि आपण भाषांतर करताना त्या चुकीचंच भाषांतर केलं. गंमत म्हणजे डॉक्टरांच्या ग्रीक शब्दांत तुतारी अजून वाजते आहे. ‘सॅल्पिंक्स’ म्हणजे ग्रीक तुतारी. ‘सॅल्पिंजायटिस’ म्हणजे तुतारीची सूज आणि ‘हायड्रोसॅल्पिंक्स’ म्हणजे पाणी भरलेली तुतारी.

हाच फालोपियो उपदंशापासून बचावासाठी औषधात भिजवलेल्या तागाच्या कापडाची टोपी वापरावी असंही लिहून गेला. त्याच्या मृत्यूनंतर ते छापलं गेलं. निरोधाच्या इतिहासाचं पहिलं पान त्याच्या नावावर आणि बीजाच्या वाटेचं ‘फॅलोपियन ट्यूब’ हे नावही त्याचंच. एका आयुष्यात एवढं पुष्कळ झालं.

त्याने तुतारी पाहिली, पण तिचं काम त्याला कळलं नव्हतं. १६७२ साली रेनियर डी ग्राफने बीजकोशाकडून बीज या वाटेने खाली येतं असं मांडलं. सस्तन प्राण्याचं बीज प्रत्यक्ष दिसलं ते थेट १८२७ साली, कार्ल फॉन बेअरला. म्हणजे वाटेला नाव मिळाल्यावर वाटसरू सापडायला अडीचशेहून अधिक वर्षं गेली.

या तुतारीची लांबी दहा-बारा सेंटिमीटर. गर्भाशयाकडच्या टोकाला आतली पोकळी एक मिलिमीटरही नसते. त्या टोकाचं नाव रिपोर्टात हमखास भेटतं. ‘बायलॅटरल कॉर्नुअल ब्लॉक’ असा एक शिक्का बऱ्याच जणींच्या कागदावर असतो. ‘कॉर्नू’ म्हणजे लॅटिनमध्ये शिंग. गर्भाशयाचे वरचे दोन कोपरे शिंगांसारखे दिसतात म्हणून ते नाव. आणि रोमन सैन्यात ‘टुबा’च्या जोडीला वाजणाऱ्या वळलेल्या वाद्याचं नावही ‘कॉर्नू’च. शिंग आणि तुतारी, आपल्याकडच्या मिरवणुकीतली जोडगोळी, तिकडेही जोडीनेच होती. मधल्या फुगीर भागाला ‘अँप्युला’ म्हणतात. ही रोमन बुधली, तेल-अत्तर ठेवायची. स्त्रीबीज आणि शुक्राणू यांची गाठ पडते ती याच बुधलीत. टोकाच्या झालरीला ‘फिंब्रिया’, म्हणजे लॅटिन झालरच.

आता तो लिफाफा उघडू. नळ्यांच्या या एक्स-रेचं पूर्ण नाव ‘हिस्टेरोसॅल्पिंगोग्राफी’, आखूड करून ‘एचएसजी’. बायका याला ‘ट्यूबची टेस्ट’ किंवा ‘पिशवीचा फोटो’ म्हणतात, आणि तेच बरं आहे. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांत, बीज फुटण्याच्या आधी, गर्भाशयाच्या तोंडातून डाय सोडतात आणि पडद्यावर बघतात. आधी पिशवीचा पांढरा त्रिकोण भरतो. मग दोन्ही कोपऱ्यांतून केसासारखी बारीक रेघ निघते, रुंदावते, आणि शेवटी डाय ओटीपोटात मोकळा पसरतो. रिपोर्टात त्याला ‘फ्री स्पिल’ लिहितात. सांडणं ही शुभवार्ता असलेली ही बहुधा एकमेव जागा. रेघ निघालीच नाही, त्रिकोणाचे दोन्ही कोपरे नुसतेच गोल राहिले, तर ‘कॉर्नुअल ब्लॉक’.

इथे एक गोष्ट प्रत्येकीला मोठ्याने सांगितली पाहिजे. या टोकाचा ब्लॉक पुष्कळदा खरा नसतो. डाय आत जाताना कळ येते, नळीचा स्नायू आवळतो आणि वाट मिटलेली दिसते. किंवा चिकट बुळबुळीत स्रावाची गुठळी अडकलेली असते. दुसऱ्यांदा तपासणी केली तर तीच नळी मोकळी निघाल्याची उदाहरणं रोजची आहेत. १९१० च्या दशकात ही तपासणी सुरू झाली, तेव्हापासून डॉक्टरांना कोडं होतं की डाय सोडल्यावर काही जणींना आपोआप दिवस कसे जातात. २०१७ साली नेदरलँड्समधल्या २७ रुग्णालयांनी मिळून हे तपासलं. ११०० हून अधिक स्त्रिया, सगळ्या नळीचा आजार असण्याची शक्यता कमी असलेल्या. निम्म्यांना तेलाचा डाय, निम्म्यांना पाण्याचा. सहा महिन्यांत गर्भ राहून टिकलेल्यांचं प्रमाण तेलाच्या गटात ३९.७ टक्के आणि पाण्याच्या गटात २९.१ टक्के. आणि ते तेल कशाचं? खसखशीचं, आयोडीन मिसळलेलं. खसखस पिकण्याबद्दल मराठीत एक वाक्प्रचार आहे, त्याला हा एक नवा अर्थ देता येईल.

ब्लॉक खरा निघाला तर ‘कॅन्युलेशन’ किंवा ‘रीकॅनलायझेशन’. दोन्ही शब्दांच्या पोटात लॅटिन ‘कान्ना’ आहे. कान्ना म्हणजे पुन्हा तेच पाणथळीतलं पोकळ गवत. ‘कॅन्युला’ म्हणजे छोटी काडी, म्हणजे आपली नळीच. सलाईन लावताना नर्स हाताला टोचून ठेवते तीही कॅन्युला. कॅनॉल, चॅनेल, तोफेचं इंग्रजी नाव, सगळे त्याच काडीचे. भूमध्य समुद्रावरचा माणूस आणि गंगेकाठचा माणूस, दोघांनी पोकळ वस्तूला नाव द्यायची वेळ आली तेव्हा गवताकडेच पाहिलं. उसनवारी नाही, योगायोगही म्हणवत नाही. दोघांपुढेही तीच ओली जमीन होती.

कृती अशी. बाई जागी असते किंवा थोडी गुंगीत. कुठेही काप नाही. एक्स-रेच्या पडद्यावर बघत गर्भाशयाच्या तोंडातून एक बारीक कॅथेटर थेट त्या शिंगाच्या टोकाशी नेऊन टेकवतात. त्यातून दाबाने थोडा डाय सोडतात. पुष्कळदा एवढ्यानेच गुठळी सुटते. नाही सुटली, तर कॅथेटरमधून त्याहून बारीक कॅथेटर आणि त्यातून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीची मऊ टोकाची तार हळूहळू सरकवतात. नळीत नळी, तिच्यात तार. वाट मोकळी झाली की पुन्हा डाय, पुन्हा ती केसासारखी रेघ. १९८५ च्या सुमारास अमेरिकेत हे पहिल्यांदा झालं. हेच काम गर्भाशयात पाहणारा हिस्टेरोस्कोप आणि पोटातून पाहणारा लॅपरोस्कोप जोडीने लावूनही करतात. तेव्हा वरून निळा रंग झालरीतून थेंब-थेंब येताना डोळ्यांनी दिसतो. बहुतेकींची नळी अशी उघडते. उघडल्यावर सगळ्यांनाच दिवस जातात असं नाही, काहींची पुन्हा मिटते, आणि नळीत गर्भ राहण्याचा धोका नेहमीपेक्षा थोडा वाढतो, म्हणून पाळी चुकली की लगेच सोनोग्राफी.

पण हे सगळं शिंगाकडच्या टोकाचं. ब्लॉक झालरीकडच्या टोकाला असेल, नळीत पाणी भरलं असेल, तर तार घालून उपयोग नाही. ते पाणी उलटं गर्भाशयात झिरपून रुजणाऱ्या गर्भाला मारक ठरतं, म्हणून आयव्हीएफच्या, म्हणजे शरीराबाहेर बीज फलित करण्याच्या, आधी ती नळी काढून टाकतात किंवा मुळाशी बंद करतात. वाट खुली व्हावी म्हणून आलेल्या बाईला नळीच काढायला सांगायची, हे समजावताना चांगल्या डॉक्टरांचीही दमछाक होते. आणि आपल्याकडे आणखी एक कारण खूप दिसतं, क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही, छातीचा फोटो स्वच्छ, आणि क्षय नळ्यांच्या आतलं अस्तर वर्षानुवर्षं खात बसलेला. अशी नळी उघडली तरी चालत नाही. आधी क्षयाची औषधं, मग पुढचा विचार. नळी नुसती पोकळ असून भागत नाही. आतल्या सूक्ष्म केसाळ अस्तराने बीज पुढे ढकलावं लागतं. ‘नळी’ या नावानेच ही फसगत केली आहे. काडी पोकळ असली की झालं, असं वाटत राहतं.

आता ‘लॅपरोस्कोप’. डॉक्टर पोटाला बेंबीशी बारीक छिद्र पाडतात म्हणून ‘लॅपरा’ म्हणजे पोट, असं बहुतेक लोक धरून चालतात. पण ग्रीकमध्ये ‘लपारा’ म्हणजे बरगड्या आणि कंबर यांच्यामधली मऊ, सैल बाजू. त्याच जागेला मराठीत काय म्हणतात? कूस. कुशीवर वळलो म्हणतो तेव्हा हीच बाजू. संस्कृत ‘कुक्षि’, प्राकृतात ‘कुच्छि’, मराठीत कूस. मक्षिकेची माशी आणि क्षेत्राचं शेत झालं, त्याच वाटेने. पण मराठीने आणि त्याआधी संस्कृतानेही या बाजूला गर्भाशयाचा अर्थ दिला. बाळ आईच्या कुशीत झोपतं ते बाहेर, आणि कुशीतून जन्मतं ते आतून. मूल झालं की ‘कूस उजवली’ म्हणतात. ‘उजवणं’ म्हणजे व्रताची सांगता. सोळा सोमवारांचं उजवणं करतात ते हेच. तो शब्द ‘उद्यापना’वरून आल्याचं मानतात. लॅपरोस्कोपी या शब्दाचं अक्षरशः मराठी करायचं तर ‘कुशीत पाहणं’, आणि ते ग्रीकपेक्षाही नेमकं होतं, कारण ग्रीकांच्या लपारात गर्भाशय नव्हतं.

हे यंत्र इतक्या सोप्या शब्दात बसत असताना आपण काय म्हणालो? ‘दुर्बीण’. फारसीत ‘दूर’ म्हणजे दूर आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारी. दूरचं पाहण्याचं साधन आपण माणसाच्या सर्वांत जवळच्या जागेत, त्याच्याच पोटात, घातलं. वरवर विनोदी वाटतं, पण मला हा शब्द फार आवडतो, आणि तो चूकही नाही. शस्त्रक्रियागृहात सर्जन स्वतः त्या काठीला ‘टेलिस्कोप’च म्हणतात. अशा शस्त्रक्रियांसाठी ‘मिनिमली इन्व्हेजिव्ह’ हा इंग्रजी शब्द जॉन विकहॅम या ब्रिटिश सर्जनने १९८० च्या दशकात रूढ केला. त्याचं कुणी ‘अल्पाक्रमक’ करतं, कुणी ‘किमान छेद’. इन्व्हेड म्हणजे आक्रमण, त्यामुळे ‘अल्पाक्रमक’ ऐकल्यावर डॉक्टर सीमेवर थोडंसंच सैन्य पाठवणार आहेत असं वाटतं. ‘दुर्बिणीतून केलं’ म्हटलं की मुलुंडपासून मुरुडपर्यंत सगळ्यांना कळतं. कळतो तोच पारिभाषिक शब्द, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाच्या पोटात अशी दुर्बीण पहिल्यांदा घातली हान्स क्रिस्टियन याकोबेउसने, १९१० साली स्टॉकहोममध्ये. मुंबईत जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९७२ पासून ती वापरली आणि १९९० साली तिथेच देशातली पहिली दुर्बिणीची पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत दुर्बीण पोचली ती वेगळ्याच कामासाठी. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत ‘टाक्याचं’ आणि ‘दुर्बिणीचं’ अशी ऑपरेशनची दोन नावं होती, आणि दोन्हींचं काम एकच, नळ्या बंद करणं. ‘माझं ऑपरेशन झालंय’ या वाक्याला मराठीत आजही कोणता अवयव ते सांगावं लागत नाही. ज्या यंत्राने एका पिढीच्या नळ्या बंद केल्या, त्याच यंत्राने पुढच्या पिढीच्या उघडायच्या, अशी ही उलटापालट. दोन्हींच्या मधोमध ‘रीकॅनलायझेशन’ हा सरकारी शब्द उभा आहे. २००४ च्या त्सुनामीत मुलं गमावलेल्या, आधी ऑपरेशन झालेल्या आयांसाठी तमिळनाडू सरकारने बांधलेल्या नळ्या पुन्हा जोडून देण्याची मोफत सोय केली, तेव्हा तो शब्द वर्तमानपत्रांत आला होता.

इतका वेळ एक शब्द मी बाजूला ठेवला. वांझ. व्युत्पत्ती सरळ आहे. ‘वंध्या’, प्राकृतात ‘वंझा’, मराठीत वांझ. संध्येची सांज झाली तशीच. गुजरातीत वांझणी, हिंदीत बांझ. ‘वंध्या’ कुठून आला? जुने कोशकार ‘बन्ध्’ या धातूकडे, म्हणजे बांधणं-अडवणं याकडे, बोट दाखवतात, आणि ‘बन्ध्य’ असं ‘ब’ने लिहिलेलं रूपही संस्कृतात आढळतं. आधुनिक व्युत्पत्तिकार एवढ्या खात्रीने बोलत नाहीत. पण जुन्यांचं खरं मानलं, तर वांझ म्हणजे जिची वाट अडली आहे ती. आपण ‘नळ्या बंद आहेत’ म्हणतो त्यातला ‘बंद’ फारसी, आणि फारसी ‘बंद’ हा याच ‘बन्ध्’चा चुलतभाऊ. धातू तोच राहिला असेल, वाक्याचा कर्ता मात्र बदलला. पूर्वी ‘ती वांझ आहे’ म्हणायचे. आता ‘नळी बंद आहे’ म्हणतात. बाईच्या ऐवजी दहा सेंटिमीटरचा एक अवयव कर्त्याच्या जागी आला. हा बदल मला कुठल्याही शस्त्रक्रियेइतकाच मोलाचा वाटतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आर्तव वाहून नेणारे दोन स्रोत सांगितले आहेत आणि त्यांना इजा झाली तर वंध्यत्व येतं असंही म्हटलं आहे. दोन, गर्भाशयाशी जोडलेले, अडले तर मूल नाही. हे वाचून काही मंडळी लगेच ‘आपल्याला सगळं ठाऊक होतं’ म्हणून टाळ्या वाजवतात. तिथे बोलणं आर्तवाचं, म्हणजे पाळीच्या स्रावाचं आहे. त्याची फालोपियोच्या तुतारीशी गाठ मारताना जरा हात आखडता घ्यावा. पण एवढं नक्की, की ग्रंथकाराने दोष स्रोताला दिला होता. समाजाने तो उचलून बाईच्या कपाळी लावला, तिला हळदीकुंकवाला बोलावणं टाळलं, ओटी भरायला दुसरीला पुढे केलं. ओटी म्हणजे पदराचा तो खळगा आणि त्याखालचं पोट, ज्याला आजच्या सोनोग्राफीच्या फॉर्मवर ‘ओटीपोट’ लिहितात. विधीचा शब्द वैद्यकात सुखाने नांदतो आहे. विधीतून वगळलेली बाईही त्याच फॉर्मवर सही करते.

आणखी एक. ‘वांझ’ला पुल्लिंगी रूप नाही. षंढ म्हणजे वेगळं, तो संभोगाचा प्रश्न. शरीराने धडधाकट पण शुक्राणू नाहीत अशा पुरुषाला मराठीत जुना, रोजचा शब्दच नाही. कारण त्याच्याकडे कुणी कधी पाहिलंच नाही. ‘निपुत्रिक’ दोघांना चालतो, पण तो ‘पुत्र’ पाहतो; चार मुली असलेलं जोडपंही शब्दकोशाच्या हिशेबाने निपुत्रिकच. मुलुंडच्या फलकांवरून ‘वंध्यत्व निवारण केंद्र’ जाऊन ‘फर्टिलिटी’ आलं, त्यात इंग्रजीचा सोस असेल, पण ज्याला त्या पाटीखालून आत शिरायचं आहे त्याला तो सोस उपकारक ठरला असेल.

तत्त्वज्ञानात ‘वंध्यापुत्र’ हे अशक्याचं उदाहरण. आकाशाचं फूल, सशाचं शिंग, वांझेचा मुलगा. १९७८ च्या २५ जुलैला इंग्लंडात ओल्डमला लुईस ब्राउन जन्मली. तिची आई लेस्ली हिच्या दोन्ही नळ्या बंद होत्या, आणि बीज मिळवलं होतं पॅट्रिक स्टेप्टोच्या लॅपरोस्कोपने. बीज शरीराबाहेर फलित करून, नळी उघडायच्या ऐवजी तिला वळसा घातला गेला. मेगाब्लॉकच्या दिवशी धिम्या मार्गावरच्या गाड्या जलद मार्गावर वळवतात, तसा. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून दुर्गा, म्हणजे कनुप्रिया अगरवाल, जन्मली. तिच्याही आईच्या नळ्या बंद होत्या. मुखर्जींवर कुणी विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. मुंबईत ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या चमूच्या कामातून हर्षा चावडा जन्मली. मुखर्जींची कागदपत्रं तपासून त्यांचं श्रेय जाहीरपणे मान्य करणारेही पुढे हेच आनंद कुमार. या मुलांना ‘टेस्ट ट्यूब बेबी’ नाव पडलं, पण सगळं घडतं पसरट काचेच्या बशीत. नळीचं नाव इथेही चुकूनच आलं. आणि लुईस, दुर्गा, हर्षा, तिघीही मुली. न्यायशास्त्र्यांच्या उदाहरणाला उत्तर मिळालं ते वंध्यापुत्राने नाही, वंध्यापुत्रींनी.

२०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्याने वंध्यत्वाची व्याख्या एक वर्षाच्या मुदतीत बांधली आहे, आणि त्या व्याख्येत तो ‘दाम्पत्या’चा उल्लेख करतो, एकट्या बाईचा नाही. भाषेला जमलं नाही ते कायद्याला जमलं.

तेव्हा एक विनंती. तुमच्या हातात किंवा घरातल्या कुणाच्या हातात तो लिफाफा आला, तर डॉक्टरांना तीन प्रश्न मराठीत विचारा. नळी शिंगाकडच्या टोकाला बंद आहे की झालरीकडच्या? बंद आहे की तेवढ्यापुरती आवळली असेल, पुन्हा बघायचं का? क्षयाची तपासणी झाली का? आणि चौथा प्रश्न डॉक्टरांना नाही, घरातल्यांना विचारा. नवऱ्याच्या वीर्याची तपासणी अजून झाली नसेल, तर बाईच्या नळीत तार घालायची घाई कशासाठी? ती तपासणी स्वस्त आहे, बिनवेदनेची आहे, आणि तिला दुर्बीण लागत नाही.